कोयना नदी

कोयना ही कृष्णेला उजव्या तीरावर मिळणारी उपनदी. महाबळेश्वरच्या पठारावर ती उगम पावते आणि कऱ्हाडला कृष्णेत मिसळते. लांबी सुमारे १३० किमी. हा सगळा प्रवास सातारा जिल्ह्यातला असून तो महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि कऱ्हाड या तालुक्यांतून होतो. कोयना म्हटले की धरण, वीज आणि भूकंप आठवतो. नदी म्हणून ती फारशी कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. प्रस्तुत नोंदीत भर आहे तो तिच्या वरच्या निम्म्या भागावर. महाबळेश्वरपासून हेळवाकपर्यंत सह्याद्रीच्या माथ्याला खेटून दक्षिणेकडे गेलेली ही दरी आज राज्यातल्या सर्वांत आडवळणी, सर्वांत कमी वस्तीच्या आणि सर्वांत दाट जंगलाच्या प्रदेशांपैकी एक आहे. ती पूर्वीपासून अशीच होती, असा पाहणाऱ्याचा समज होतो. तो अर्धाच खरा आहे. डोंगर, पाऊस आणि रान पूर्वीचेच. माणसांचा अभाव मात्र अलीकडचा, १९६० नंतरचा आहे.

क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा एकत्र उगम मानला जातो. श्रद्धेने एका गोमुखात आणलेल्या या नद्या भूगोलात पठाराच्या निरनिराळ्या कडांवरून निरनिराळ्या दिशांना उतरतात. कृष्णा आणि वेण्णा पूर्वेकडे मोकळ्या होतात, सावित्री पश्चिमेचा कडा उतरून कोकणात जाते. कोयनेचा ओढा पठाराच्या पश्चिम अंगाला उतरतो. पहिले काही मैल पाहिले तर ही नदीही सावित्रीच्या वाटेने समुद्राला जाणार असे वाटावे. पण प्रतापगडाच्या पायथ्याजवळ, जावळी आणि पार या गावांच्या परिसरात ती दक्षिणेकडे वळते आणि मग सुमारे ६५ किमी त्याच दिशेने जात राहते.

देशावरच्या नद्यांचा हा रिवाज नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावलेली नदी सर्वसाधारणपणे पाठ फिरवून पूर्वेला किंवा आग्नेयेला निघते. कोयना माथ्याशी समांतर राहते, कारण तिला दोन्ही बाजूंनी भिंती आहेत. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग. तिच्या पलीकडे जगबुडी आणि वाशिष्ठी यांची कोकणातली खोरी, शेकडो मीटर खाली. पूर्वेला महाबळेश्वरपासून फुटून दक्षिणेकडे गेलेली बामणोली–घेरादातेगड रांग, जी कोयनेचे पाणी कृष्णेच्या बाकीच्या खोऱ्यापासून अलग ठेवते. फुलांसाठी नावाजलेले कासचे पठार याच पूर्वेकडच्या रांगेच्या माथ्यावर आहे. कासला फुले पाहणाऱ्यांची गर्दी असते, आणि तिथून पश्चिमेला घाट उतरला की बामणोली येते आणि रस्ता पाण्याशी थांबतो. हेळवाकजवळ पूर्वेकडची भिंत संपते. तिथे नदी जवळजवळ काटकोनात वळून पूर्वेला निघते आणि पाटणवरून कऱ्हाडला जाते.

या मांडणीतली एक गोष्ट ध्यानात घेतली की कोयनेचा पुढचा सगळा इतिहास उलगडतो. वळल्यानंतर कऱ्हाडपर्यंतच्या साठेक किलोमीटरांत नदीचा उतार अगदी मंद आहे. उलट त्याच दरीतून पश्चिमेकडे, सह्याद्रीची भिंत ओलांडून, चारेक किलोमीटर गेले तर जमीन पाचशे मीटरच्या जवळपास खाली कोसळते. म्हणजे नदी बंगालच्या उपसागराच्या लांबच्या वाटेला लागलेली, आणि अरबी समुद्राकडचा उतार तिच्या उशाशी. ही गोष्ट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टाटा कंपनीच्या पाहणीत हेरली गेली. ती अमलात यायला स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला.

खोऱ्यातला खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा, म्हणजे दख्खनी बेसाल्टचा आहे. थरावर थर असल्याने डोंगरांना पायऱ्यांचा आकार आला आहे: उभा कडा, मग झाडीची आडवी पट्टी, पुन्हा कडा. माथे सपाट आहेत आणि त्यांवर जांभ्याचे टोपण आहे. या सपाट माथ्यांना इथे सडे म्हणतात. पावसाळ्यात सड्यांवर पाणी साचते, बारीक गवत आणि कीटकभक्षी वनस्पती उगवतात. नोव्हेंबर उलटला की तेच सडे करपलेल्या तव्यासारखे दिसतात. सड्यांवर पूर्वापार गवळी धनगरांची वस्ती आहे. म्हशी, थोडी नाचणी-वरी आणि दूध-लोणी विकायला खालची गावे, असा त्यांचा संसार होता. आता पाटण तालुक्यातल्या वनकुसवडेसारख्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत.

पाऊस हा या दरीचा खरा धनी. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि दरीच्या दक्षिण टोकाचे नवजा त्याच्याशी बरोबरी करते. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत या दोन ठिकाणांची शर्यत लागते. हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. नदीबरोबर पूर्वेला जाऊ लागले की तो इतक्या झपाट्याने ओसरतो की कऱ्हाडला सातशे मिलिमीटरच्या आसपासच उरतो. एकाच नदीच्या एका टोकाला घरे गवती झड्या लावून पावसापासून झाकावी लागत, आणि दुसऱ्या टोकाला उसासाठी पाणी उपसावे लागते.

वरच्या दरीत कोयनेला दोन मोठे प्रवाह मिळतात. पूर्वेकडून सोळशी आणि पश्चिमेकडून कांदाटी. तापोळ्याजवळ त्यांचे संगम होते. आता तिथे जलाशयाचे तीन फाटे एकत्र येतात. पर्यटकांना तापोळा ‘मिनी काश्मीर’ म्हणून विकला जातो. हे नाव ठेवणाऱ्याने दोहोंपैकी एक तरी ठिकाण नीट पाहिले होते का, अशी शंका येते. खरा पाहण्याजोगा भाग आहे तो तापोळ्याच्या पलीकडचा, कांदाटीचा. मुख्य सह्याद्री आणि कोयना यांच्या बेचक्यात अडकलेल्या या उपखोऱ्यात शिंदी, वळवण, उचाट, अकल्पे, लामज अशी विरळ गावे आहेत. महिमंडणगड, चकदेव आणि पर्वत हे डोंगर त्यांच्या माथ्यावर आहेत. जवळची बाजारपेठ म्हणजे पाण्यापलीकडचा तापोळा किंवा कड्याखालचे खेड. चकदेवाहून कोकणात उतरण्याची वाट कड्याला लावलेल्या शिड्यांवरून जाते, आणि कित्येक पिढ्यांचे सोयरसंबंध त्या वाटेने जुळले आहेत. प्रशासनाच्या नकाशावर हा भाग साताऱ्याचा. नातीगोती पाहिली तर बराचसा कोकणचा.

ही दरी एके काळी रहदारीची होती, याच्या खुणा अजून दिसतात. महाडहून वर येणारा पारघाट कोयनेच्या उगमाकडच्या भागात उतरत असे आणि तिथून वाट साताऱ्याकडे जाई. एकोणिसाव्या शतकात आंबेनळी घाटाचा गाडीरस्ता झाला आणि पारची वाट मागे पडली. पार गावाजवळ कोयनेवर दगडी कमानींचा जुना पूल आहे. तो शिवकालीन मानला जातो आणि अजून वापरात आहे. जावळीचे मोरे या वाटांच्या जोरावरच मातबर होते. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६५६ मध्ये जावळी घेतली, त्यानंतर प्रतापगड बांधला गेला. नोव्हेंबर १६५९ मध्ये अफजलखानाचा मुक्काम पडला तो याच पारच्या परिसरात. जावळीच्या जंगलाचे वर्णन करताना बखरकार आणि कादंबरीकार दोघांचेही भान सुटते, पण केवळ जंगल असते तर विजापूरला आणि शिवाजी महाराजांना त्यात एवढे स्वारस्य वाटले नसते. घाटवाटांवरची जकात आणि कोकणात उतरण्याचा ताबा, हे जावळीचे मोल होते. दक्षिण टोकाला हेळवाकवरून चिपळूणला उतरणारा कुंभार्ली घाटही तसाच चालता होता, आणि त्याचे महत्त्व आजही कमी झालेले नाही.

मधल्या टप्प्यावर राखण होती ती वासोट्याची. सुमारे ११७० मीटर उंचीचा हा किल्ला व्याघ्रगड म्हणूनही ओळखला जातो. त्याच्या पश्चिमेचे कडे थेट कोकणात उतरतात आणि खालच्या चोरवणे गावातून नागेश्वरच्या गुहेवरून एक वाट वर येते. आडजागी असल्यामुळे किल्ल्याचा उपयोग तुरुंगासारखा होई. राजापूरच्या वखारीतले काही इंग्रज कैदी १६६१ नंतर इथे ठेवले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पंतप्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने तो पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याविरुद्ध कित्येक महिने लढवला. १८१८ मध्ये इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून तो घेतला, आणि त्यानंतर किल्ल्याचे राजकीय महत्त्व संपले. त्याखेरीज जंगली जयगड, भैरवगड आणि उत्तरेकडचा मधुमकरंदगड हे याच रांगेतले किल्ले.

दरीच्या तळाशी भातखाचरे होती. उतारावर नाचणी, वरी आणि कुमरी, म्हणजे झाडोरा तोडून-जाळून केलेली फिरती शेती. इंग्रज वनखात्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुमरीवर निर्बंध घातले आणि मोठा प्रदेश राखीव केला, तरी तळातली गावे नांदती होती. मुंबईच्या गिरण्या आणि गोद्यांकडे इथली माणसे पूर्वीपासूनच जात. पुढे माथाडी कामगारांत जावळी आणि पाटणच्या लोकांचा भरणा मोठा राहिला.

धरणाचे काम १९५४ साली सुरू झाले आणि १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाणी अडू लागले. हेळवाकच्या वळणाच्या जरा आधी, देशमुखवाडीपाशी, नदी सर्वांत अरुंद जागी गाठून हे रबल काँक्रीटचे धरण बांधले आहे. उंची सुमारे १०३ मीटर, लांबी सुमारे ८०७ मीटर. मूळची साठवण क्षमता ९८.७८ टीएमसी (अब्ज घनफूट) होती. सांडव्याच्या सहा वक्र दरवाजांवर झडपा बसवून ती १०५.२५ टीएमसी करण्यात आली. पाणलोट क्षेत्र अवघे ८९२ चौरस किमीच्या आसपास आहे. एवढ्याशा पाणलोटातून एवढा साठा बहुतेक पावसाळ्यांत भरतो, यावरून वर सांगितलेल्या पावसाची कल्पना यावी. फुगवटा उत्तरेकडे सुमारे ५० किमी, तापोळ्याच्याही पुढे जातो. नदीचा वरचा निम्मा भाग अशा रीतीने शिवसागर जलाशय झाला आहे. वाहती कोयना पाहायची तर पार-जावळीच्या बाजूला जावे किंवा धरणाच्या खाली.

वीजनिर्मितीसाठी पाणी मुख्यतः खाली सोडले जात नाही. ते सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवले जाते. पहिल्या दोन टप्प्यांचे वीजगृह पोफळीला डोंगराच्या आत आहे. तिथून सुटलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात पुन्हा अडवून अलोरे येथे तिसऱ्या टप्प्यात वापरले जाते. चौथा टप्पा १००० मेगावॉटचा. त्यासाठी भरल्या जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडण्याचा प्रयोग, म्हणजे लेक टॅपिंग, १३ मार्च १९९९ रोजी झाला. तसाच दुसरा २५ एप्रिल २०१२ रोजी. सगळे टप्पे आणि धरणाचे पायथा वीजगृह मिळून क्षमता सुमारे १९६० मेगावॉट आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. वीजनिर्मितीनंतरचे हे अवजल वाशिष्ठीत सोडले जाते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाते. कोयनेचे पाणी आता दोन समुद्रांना मिळते, आणि त्यातला अधिक वाटा तिच्या मूळ वाटेने जात नाही. चिपळूणला हे वरदान आणि धास्ती दोन्ही वाटते. वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहती राहते, पण महापूर आला, जसा जुलै २०२१ मध्ये आला, की बोट अवजलाकडे जाते.

जलाशयाखाली शंभरेक गावे पूर्णतः किंवा अंशतः गेली. खाचरे तळाला होती, त्यामुळे जिथे घरे वाचली तिथेही शेती उरली नाही. धरणग्रस्तांना सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड आणि ठाणे या जिल्ह्यांत जमिनी देण्यात आल्या. पुनर्वसनाचा कायदा तेव्हा नव्हता. अनेकांच्या वाट्याला आलेली जमीन कागदावरच राहिली किंवा कसण्याजोगी नव्हती, आणि त्यांच्या तिसऱ्या पिढीलाही त्यासाठी कोयनानगरला धरणे धरून बसावे लागले आहे. काही कुटुंबे वरच्या उतारांवर सरकून तिथेच राहिली. त्यांच्यासाठी रस्ता संपला आणि लाँच सुरू झाली. शाळा, दवाखाना, बाजार, मुंबईची एसटी, सगळे पाण्यापलीकडे गेले. दुर्गम हा शब्द या गावांना लागला तो तेव्हा.

माणसे गेली तसे रान उतरू लागले. १९८५ साली ४२३.५५ चौरस किमीचे कोयना अभयारण्य जाहीर झाले. २००४ साली दक्षिणेच्या चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किमी आहे. २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या पश्चिम घाटातल्या स्थळांत कोयनेचा समावेश झाला. अभयारण्यातल्या उरलेल्या अनेक गावांचेही पुनर्वसन झाले आहे. वासोट्याच्या पायथ्याचे मेट इंदवली आता वनखात्याच्या चौकीपुरते उरले आहे.

जंगल निमसदाहरित आणि ओलसर पानझडी अशा दोन जातींचे आहे. महाबळेश्वरपासून कोयनेपर्यंतच्या उंच पट्ट्यात अंजनी, जांभूळ आणि पिसा या झाडांचे त्रिकूट हे त्याचे ओळखचिन्ह. वारा आणि पाऊस यांमुळे झाडे फार उंच होत नाहीत, पण छत्र इतके घट्ट असते की खाली दुपारीही अंधारून येते. खालच्या उतारांवर ऐन, किंजळ, नाणा, हिरडा, बेहडा, कुंभा. ओढ्यांच्या कडेला गारंबीचे जाड वेल. मोकळ्या जागी कारवी, जी काही वर्षांच्या अंतराने एकदाच सामुदायिक फुलते आणि मरते. जाणत्याला या जंगलाचे वय वाचता येते. देवराया आणि वासोट्याभोवतीचे रान जुने आहे. जिथे गेळा, करवंद आणि रामेठ्याचे दाट झुडूप माजले आहे, मध्येच आंब्या-फणसाची थोराड झाडे रांगेने उभी आहेत आणि पाचोळ्याखाली जोत्याचे घडीव दगड लागतात, ते जंगल नाही. ते पन्नास-साठ वर्षे पडीक राहिलेले गाव आहे. अभयारण्याच्या माहितीपत्रकांत या फरकाचा उल्लेख सहसा नसतो. तो असायला हवा, कारण इथले रान किती वेगाने परतते हे त्यातूनच कळते.

गवा, सांबर, भेकर, पिसोरी, अस्वल, बिबट्या, रानकुत्रा आणि शेकरू हे इथले ठळक प्राणी. वाघाचे अस्तित्व अधूनमधून कॅमेऱ्यांत नोंदले गेले आहे, पण नाव व्याघ्र प्रकल्प असले तरी वाघ दिसण्याच्या आशेने इथे येऊ नये. पक्ष्यांत धनेश आणि रानकोंबडा. छोट्या जीवांचे महत्त्व मात्र मोठ्यांहून अधिक आहे. उत्तर पश्चिम घाटाबाहेर कुठेही न आढळणारा एक भेक कोयनेच्याच नावाने ओळखला जातो. त्याचे शास्त्रीय वर्णन १९६३ साली, म्हणजे धरण भरत असतानाच, प्रसिद्ध झाले.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.३ ते ६.५ मोजली गेली. सुमारे १८० माणसे दगावली, कोयनानगरमधली बहुतेक घरे पडली आणि धरणाच्या उंच भिंतीला तडे गेले. ते बुजवून मागून काँक्रीटचे आधार देण्यात आले. मुंबईचा वीजपुरवठाही खंडित झाला. दख्खनचे पठार भूकंपमुक्त असते, हा तोपर्यंतचा पाठ्यपुस्तकी समज त्या पहाटे मोडला. जलाशय भरल्यामुळे चाळवलेल्या भूकंपाचे हे जगातले सर्वांत मोठे आणि सर्वांत अभ्यासलेले उदाहरण मानले जाते. पाण्याने भूकंप निर्माण होतो असे त्याचे सोपे वर्णन केले जाते, ते बरोबर नाही. खडकात ताण आधीच साचलेला असतो. पाण्याचे वजन आणि भेगांतून खोल झिरपलेल्या पाण्याचा दाब त्या खडकाला सरकायला निमित्त देतो. कंपने मुख्यतः एका छोट्या पट्ट्यात, दहा किलोमीटरांहून कमी खोलीवर होत राहिली आहेत. दक्षिणेला वारणेचा जलाशय १९८५ नंतर भरू लागला तसा त्यांचा पसारा तिकडे सरकला. याच कारणासाठी कऱ्हाडला भूविज्ञान मंत्रालयाची संशोधन प्रयोगशाळा आहे आणि गोठणे येथे २०१७ साली सुमारे ३ किमी खोल छिद्र घेण्यात आले. त्यात सव्वा किलोमीटरभर बेसाल्ट लागला आणि त्याखाली एकदम जुना ग्रॅनाइटी खडक. दरीतल्या लोकांना याचे फारसे अप्रूप नाही. भांडी खडखडली तर रात्री उठून कोणी बाहेर येत नाही.

धरणाखालची कोयना वेगळीच नदी आहे. कुंभार्ली घाटाच्या महामार्गाला धरून ती पूर्वेला जाते. पाटणजवळ तिला उत्तरेकडून केरा आणि दक्षिणेकडून मोरणा मिळते. दरी रुंदावते, भाताची जागा ऊस घेतो. कऱ्हाडला उत्तरेकडून येणारी कृष्णा आणि ही नदी समोरासमोर येऊन भिडतात. या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे.

वरच्या दरीत जाण्याचे मार्ग आजही मोजकेच आहेत. महाबळेश्वरहून तापोळ्याला आणि साताऱ्याहून कासवरून बामणोलीला डांबरी रस्ता आहे. पलीकडे लाँच किंवा गाड्या नेणारा तराफा. वासोट्याला बामणोलीहून लाँचने तासा-दीड तासात पोहोचता येते. वनखात्याची परवानगी लागते, मुक्काम करू देत नाहीत आणि पावसाळ्यात किल्ला बंद असतो. नवजाजवळचा ओझर्डे धबधबा कोयनानगरहून सोपा. या स्थितीत लवकरच बदल होईल असे दिसते. जलाशयावर पूल होत आहेत, आणि दरीच्या दोन्ही बाजूंची दोनशेहून अधिक गावे कवेत घेणारा नवीन महाबळेश्वर गिरिस्थान प्रकल्प राज्य सरकारने हाती घेतला आहे. कांदाटीतल्या रहिवाशांना रस्ता आणि पूल हवेच आहेत, आणि ती मागणी रास्त आहे. त्यांची धास्ती वेगळी आहे: रस्ता येण्याआधीच जमिनींचे व्यवहार झाले आहेत, आणि सातबाऱ्यावर नवी नावे चढली आहेत ती बाहेरच्यांची.